पाण्यावर मारलेल्या तीन गोळ्या

“कुणाला लागली?” मी विचारलं.

गिरणीच्या घरघरीत मला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला होता. रविवारची सकाळ होती. दळण टाकून मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवरची जुनी जाहिरात तिसऱ्यांदा वाचत होतो.

गिरणीवाल्याने पट्टा उतरवला. जातं फिरत फिरत थांबलं.

“हिरामणला,” बातमी घेऊन आलेला माणूस म्हणाला. “तलावावर. पोलिसांनी गोळी मारली म्हणतात.”

मी पुन्हा विचारलं, कुणाला. आता सगळं शांत होतं आणि मला नीट ऐकू आलेलं होतं. तरी विचारलं.

हिरामण माझा धाकटा भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कोसमबोडीच्या तलावावर तो पाटकरी होता. पाळी येईल तसं शेतांना पाणी सोडायचं आणि रोज सकाळी सात वाजता उत्तरेच्या काठावर जाऊन पाण्यातल्या खांबावरचा आकडा वहीत उतरवायचा, एवढं त्याचं काम. त्या दिवशीच्या तारखेपुढे त्याने अकरा फूट चार इंच लिहिलं होतं. वही ओली झाली नव्हती.

घडलं ते एवढंच. दक्षिणेच्या काठावर मोहाच्या दारूची भट्टी होती. पोलिसांनी सकाळी सातच्या सुमारास छापा घातला. दोघे जण डोंग्यात बसून पळाले. उपनिरीक्षक यशपाल निमजे काठापर्यंत धावले आणि त्यांनी पिस्तुलातून तीन गोळ्या मारल्या. डोंग्यातल्या कुणाला काही झालं नाही.

समोरच्या काठावर हिरामण होता. एक गोळी त्याला लागली आणि तो तिथेच गेला. मधलं अंतर दोनशे चाळीस पावलं. काठाकाठाने फिरून, झाडांच्या खुणा धरून, मी ते नंतर अंदाजाने काढलं.

निमज्यांचं म्हणणं असं होतं की तिन्ही गोळ्या त्यांनी पाण्यावर मारल्या. डोंग्याच्या दहा हात बाजूला, नुसतं घाबरवायला. त्यामुळे त्या तलावाच्या तळाशी पडलेल्या असणार. हिरामणला लागलेली गोळी भट्टीवाल्यांच्या गावठी कट्ट्यातली असली पाहिजे.

गावाचं म्हणणं असं की साहेब खोटं बोलतो. पाण्यावर मारलेली गोळी पाण्यात जाते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. ज्या अर्थी ती हिरामणपर्यंत पोचली, त्या अर्थी ती सरळ त्याच्यावरच मारलेली होती.

मीही तेच म्हणालो. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. माझ्या म्हणण्याला गावात वजन होतं.

हिरामणच्या अंगातून निघालेल्या गोळीच्या तपासणीचा अहवाल अजून आलेला नव्हता. चौकशी अधिकाऱ्यांसमोर माझा जबाब व्हायचा होता आणि तो मी आधीच घरी लिहून ठेवला होता. त्यात एक वाक्य होतं. ‘उपनिरीक्षकांनी माझ्या भावावर नेम धरून गोळी झाडली.’

मी ते पाहिलेलं नव्हतं. तरी लिहिलं होतं.

अक्षर चांगलं आलं होतं. सही मात्र होत नव्हती. या माणसाने हिरामणला का मारावं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोघांची कधी गाठसुद्धा पडलेली नव्हती. ‘का’ सुटत नसेल तर आधी ‘कसं’ पाहा, असं मी मुलांना सांगतो. म्हणून जबाबाच्या आदल्या दिवशी मी कागद खिशात घातला, मोटरसायकल काढली आणि केवळराम दिघोऱ्यांकडे गेलो.

दिघोरे म्हणजे उस्ताद. पोलीस प्रशिक्षणात हत्यार शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचं तेच नाव राहिलं होतं. जातीने ढिवर, म्हणजे मासेमार, जन्म तलावाच्या काठावरचा. नोकरी संपवून ते परत काठावरच आले आणि शिंगाड्याची शेती करू लागले. ज्यांनी निमज्यांना पिस्तूल हातात धरायला शिकवलं, ते हेच.

उस्तादांचा तलाव वेगळा, आमच्या गावापासून नऊ किलोमीटर. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खाली उस्तादांची झोपडी, झोपडीसमोर बाभळीचं झाड, झाडाखाली खाट. खाटेवर बसून ते जाळं विणत होते.

खाली जमिनीवर एक तरुण बसला होता. साधे कपडे, पण केस बारीक कापलेले आणि पाठ ताठ.

मी ओळखलं. त्यानेही ओळखलं. तो उभा राहिला.

“बसा जी,” उस्ताद मला म्हणाले. “कोण?”

“हिरामणचा भाऊ.”

उस्तादांचा हात थांबला…

मग पुन्हा चालू झाला.

“हे पदकवाले साहेब,” ते निमज्यांकडे न बघता म्हणाले. “पाच दिवसांपासून येऊन राहिले. यांना माझं सर्टिफिकेट पाहिजे.”

निमज्यांनी मान खाली घातली नाही. त्यांचं म्हणणं त्यांनी मला सरळच सांगितलं. राज्याच्या पोलीस स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्णपदक त्यांना दोनदा मिळालेलं होतं. पंचवीस मीटरवर रुपयाएवढ्या जागेत पाच गोळ्या ते बसवत. आणि खात्यातले लोक म्हणत होते की डोंग्याकडे मारताना त्यांचा नेम तलावापलीकडे गेला.

“उस्तादांनी एवढंच लिहून द्यावं,” ते म्हणाले. “निमजेचा नेम चुकत नाही.”

“चुकत नाही,” उस्ताद म्हणाले.

“मग लिहून द्या.”

उस्तादांनी जाळ्याची एक गाठ दाताने ओढली.

“किती मारल्या?”

“तीन.”

“आणल्या?”

निमजे किंचित हसले. उस्तादांच्या हाताखाली शिकलेला कुणीही हसला असता, असं त्यांनी मला सांगितलं. इतर ठिकाणी निशाणीचा कागद पाहून गुण देत. उस्ताद कागदाकडे बघत नसत. फायर झालं की हत्यार रिकामं करायचं, खाली ठेवायचं, मग मैदान ओलांडून समोरच्या मातीच्या ढिगापर्यंत जायचं, बोटांनी माती उकरायची आणि आपल्या गोळ्या शोधून आणायच्या. चेपलेल्या, कधी कोमट. त्या उस्तादांच्या तळहातावर ठेवायच्या. जितक्या मारल्या तितक्या आणल्याशिवाय फायर पुरं झालं असं उस्ताद म्हणत नसत, आणि फायर पुरं झाल्याशिवाय जेवायला सोडत नसत. यांच्या तुकडीतला एक जण एका गोळीसाठी उन्हात चार वाजेपर्यंत माती उकरत बसला होता. सगळे त्याला घूस म्हणायचे.

“त्या पाण्यात गेल्या, उस्ताद,” निमजे म्हणाले. “पाण्यातून कशा आणणार?”

उस्ताद उठले. आत गेले आणि उकडलेल्या शिंगाड्यांची ताटली घेऊन आले. ती आम्हा दोघांच्या मधोमध ठेवली. ताटली एकच होती.

मी एक शिंगाडा उचलला. निमज्यांनी उचलला नाही.

“उस्ताद, मला एक विचारायचं आहे,” मी म्हणालो. “पाण्यावर मारलेली गोळी बाहेर येते का?”

“तुम्ही काय करता जी?”

“विज्ञान शिकवतो.”

“मग तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं. पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट. गोळी जितक्या वेगाने येईल, तितक्या जोराने पाणी तिला अडवतं. पिस्तुलाची गोळी पाण्यात शिरली की एकदीड पुरुष खोलीच्या आत तिचा जीव जातो. बाहेर यायचा प्रश्नच नाही. वर्गात बोलतो तसा मी बोललो. बोलताना बरं वाटलं.

निमजे मान हलवत होते. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या बाजूने बोलत होतं.

माझ्या ते जरा उशिरा लक्षात आलं. ज्या वाक्यावर ते स्वतःला सोडवत होते, त्याच वाक्यावर मी त्यांना बांधत होतो. त्या वाक्यावर आम्हा दोघांचं एकमत होतं.

“मास्तर, तुम्ही गोळी मारली आहे कधी?” उस्तादांनी विचारलं.

“नाही.”

“पाण्यात?”

“नाही म्हटलं ना.”

“मी मारली आहे.” उस्तादांनी डावा हात वर केला. त्या हाताला मधली दोन बोटं नव्हती.

निमज्यांनाही ती गोष्ट ठाऊक नव्हती. बोटं कशाने गेली हे उस्तादांना विचारायची हिंमत प्रशिक्षणात कुणी केली नव्हती. कुणी म्हणे बॉम्ब, कुणी म्हणे मगर.

मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उस्तादांनी सांगितलं ते थोडक्यात होतं. वय चोवीस. बंदोबस्तावर नदीकाठी मुक्काम. सोबतचे म्हणाले, रिव्हॉल्व्हर पाण्याखाली उडतच नाही. हे म्हणाले, उडतं. ढिवराचा पोरगा, पाण्याचं काय भ्यायचं? गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले, डोकंही खाली घेतलं आणि घोडा ओढला.

“उडालं?”

“उडालं. काडतूस आतून बंद असतं, त्याला पाणी लागत नाही. गोळी निघाली आणि दोन काठ्या लांब जाऊन खाली बसली. डोळ्यांनी पाहिलं मी. शिंपल्यासारखी पडून होती.”

“मग बोटं?”

“तिच्यात नाही गेली. तिच्यात हा कान गेला.” त्यांनी डाव्या कानाला हात लावला. “पाण्याखाली आवाज कानात शिरत नाही जी. कानावर आदळते.”

“आणि बोटं?”

“बाहेर आलो. सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. म्हटलं, आता एक आभाळात. तसंच उचललं आणि मारलं.” ते थांबले… “नळीत पाणी होतं. ओतलं नव्हतं. डाव्या हाताने नळीजवळ आधार दिला होता. नळी फुलासारखी फाटली.”

निमजे पहिल्यांदा खाटेजवळ सरकले. ते उस्तादांचा हात पाहत होते.

“म्हणजे पाण्यात मारली तेव्हा काही झालं नाही,” मी म्हणालो, “आणि हवेत मारली तेव्हा झालं.”

“हो जी.”

“हे उलटं झालं.”

“पाण्याला नाही वाटत उलटं.”

एवढं बोलून उस्ताद उठले. जाळ्याच्या कडेला ओवायचे शिशाचे मणी एका डब्यात होते. त्यातले तीन त्यांनी घेतले. झोपडीच्या कुडाला गुलेल लटकत होती, ती काढली. शिंगाड्याच्या शेतीत पाणकोंबड्या फार त्रास देतात, त्यांच्यासाठी ती असते.

“चला साहेब,” ते म्हणाले. “सर्टिफिकेट देतो.”

आम्ही काठावर गेलो. शिंगाड्याच्या वेलांनी तलाव झाकलेला होता. मधून डोंगा जायला एक वाट मोकळी ठेवली होती, सरळ पट्टीने आखल्यासारखी. वाटेच्या पलीकडच्या टोकाला दोरीवर पत्र्याचे डबे टांगले होते. वारा आला की ते वाजतात आणि पाखरं उडतात. त्या वेळी वारा नव्हता.

उस्तादांनी मोकळ्या वाटेतलं एक पान दाखवलं. वेलापासून सुटलेलं, एकटंच तरंगत होतं.

“ते पान. त्याच्या वीतभर अलीकडे, पाण्यावर. वेलाला लागलं नाही पाहिजे.”

निमज्यांनी गुलेल हातात घेतली, रबर ताणून पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. खेळणं हातात आलेल्या मुलासारखा नव्हे, तर बऱ्याच दिवसांनी आपल्या घरात शिरलेल्या माणसासारखा. उतारावरून काठच्या गवताआड पान झाकलं जात होतं म्हणून ते खाली उतरले, अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत. बुटाचं टोक भिजलं. एक गुडघा टेकला.

उस्तादांनी विचारलं, खाली का गेलास.

“नेम पक्का बसतो. जवळून.”

“त्या दिवशी?”

“त्या दिवशीही. पाळीवरून धावत खाली आलो. वरून मारली असती तर कुणाला लागण्याची भीती.”

उस्ताद हुं म्हणाले.

पहिला मणी सुटला. पानाच्या वीतभर अलीकडे पाणी उडालं. अगदी तिथंच. नेम खरोखर सुंदर होता. मी तिथंच पाहत राहिलो. निमजेही तिथंच पाहत राहिले. वर्तुळं पसरली.

“कुठे आहे?” उस्तादांनी विचारलं.

“तिथे. खाली.”

“दुसरा.”

दुसरा मणीही तिथंच लागला. या वेळी मला वाटलं, पलीकडे लव्हाळ्यात काहीतरी हललं. पाखरू असेल.

“कुठे आहे?”

“तिथेच, उस्ताद.”

“तिसरा. आणि मास्तर, या वेळी पानाकडे पाहू नका.”

“मग कुठे पाहू?”

उस्तादांनी उजव्या कानावर बोट ठेवलं. मी डोळे मिटले.

रबराचा फटकार ऐकू आला. पाण्यावर एक चापट वाजली. आणि मग, श्वास घेऊन सोडावा एवढ्या वेळाने, तलावाच्या त्या टोकाला पत्र्याचा डबा वाजला.

ठण्ण.

मी डोळे उघडले. एक डबा दोरीवर हेलकावे खात होता. बाकीचे स्थिर होते.

पानाच्या वीतभर अलीकडे वर्तुळं पसरत होती…

डब्याचं हलणं कमी होत गेलं.

मी उस्तादांना विचारलं की हे दर वेळी होतं का. ते म्हणाले, वर जाऊन पाहा. शेताची राखण करायला बांबूची माच बांधलेली होती, दोन पुरुष उंच. मी गुलेल आणि आणखी तीन मणी घेऊन वर चढलो. मणी मारायचं मला येत नव्हतं. माझा पहिला वेलात गेला, दुसरा काठावर. तिसरा माचेच्या पायथ्याशीच, जवळजवळ सरळ खाली पाण्यात गेला.

डुब.

पाण्याने तो घेतला. पुन्हा वर काही आलं नाही. डबे वाजले नाहीत.

वरून मला निमजे दिसत होते. ते अजून गुडघा टेकून होते. वरून पाहिलं की पाण्याच्या आतलं दिसतं, वेलांचे दांडे, चिखल, माझा मणी. ते जिथे बसले होते तिथून पाण्यात फक्त आभाळ दिसत असणार.

मी खाली उतरलो. माझ्या खिशातल्या कागदात काय चूक आहे, ते मला आता कळलं होतं. निमज्यांच्या बोलण्यात काय चूक आहे, तेही. माझं वाक्य मी सांगितलं तसं खरं होतं, पण ते पाण्यात शिरलेल्या गोळीबद्दल होतं. ही शिरलीच नव्हती. पाण्याला आडवी भेटली, आणि पाण्याने तिला दगडासारखी पाठ दिली. जितकं खाली उतरावं, तितकं हे खात्रीने घडणार. ते कुणाला लागू नये म्हणून खाली उतरले होते.

मला राग यायला हवा होता. तो शोधला. आठ दिवस तो जिथे होता तिथे आता नव्हता, आणि त्याची जागा मोकळी पडली होती. ते फार वाईट वाटलं. हिरामण गेल्यापासून एवढं एकटं मला वाटलं नव्हतं.

निमजे उठले. मला वाटलं, आता हे माफी मागतील. मागितली असती तर मला काय बोलावं ते सुचलं नसतं.

त्यांनी विचारलं, “ते रोज तिथेच उभे असायचे?”

“रोज. सात वाजता.”

“बसून नाही?”

“खांबावरचे आकडे पुसट झालेत. वाकून वाचावे लागतात.”

त्यांनी मान हलवली. मग उस्तादांकडे वळले.

“उस्ताद, नेम…”

“बरोबर होता,” उस्ताद म्हणाले. “सर्टिफिकेट झालं. आता आण.”

“काय?”

“मणी. तीन मारले ना?”

निमज्यांनी तलावाकडे पाहिलं. एक डब्यापाशी पडला असणार. बाकीचे दोन कुठे गेले, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळी मी पानाकडे पाहत होतो, दुसऱ्या वेळीही पानाकडेच.

ते वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी बूट काढले, मोजे बुटात कोंबले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठाकाठाने चालू लागले. लव्हाळं लागलं तसे पाण्यात उतरले. शिंगाड्याला काटे असतात. त्यांचं पाऊल दर वेळी थोडं थबकत होतं, पण ते मागे वळून पाहत नव्हते.

डब्यांपाशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला. तिथे वाकले. चिखलात हात घातला. मग एक हात वर केला. बोटांत काही होतं, लांबून दिसलं नाही.

“एक आला,” उस्ताद म्हणाले.

निमजे परत आले नाहीत. तो मणी त्यांनी खिशात टाकला आणि लव्हाळ्याच्या बाजूला वळले. वाकून, एकेक मूठ गवत बाजूला सारत, काही न सोडता. कंबरेपर्यंत भिजले होते.

आम्ही खाटेवर येऊन बसलो. उस्तादांनी जाळं ओढून घेतलं. मी खिशातला कागद काढला, मांडीवर पसरला आणि ते वाक्य खोडलं. एकच रेघ मारली, वाचता येईल अशी. ‘नेम धरून’ हे शब्द रेघेखाली तसेच दिसत होते. तेवढे खरे होते. नेम धरला होताच.

खालची जागा कोरी होती. सही करायच्या आधी तिथे काहीतरी लिहायला हवं होतं. चौकशी अधिकारी विचारतील. घरी हिरामणची बायको विचारेल. तिला मी रोज सांगत होतो की उद्या सगळं कळेल.

“अहवाल येईल,” मी म्हणालो. “गोळी कुणाची ते त्यात येईलच.”

“येईल.”

“मग मी काय लिहू?”

उस्ताद विणत राहिले. त्यांचं लक्ष तलावाकडे होतं. समोर लव्हाळं हलत होतं, थांबत होतं, पुन्हा थोडं पुढे हलत होतं. ऊन वर आलं होतं. जेवणाची वेळ झाली होती.

मी पेन उघडून बसलो होतो…

“काय लिहू, उस्ताद?”

त्यांनी गाठ मारली. दोरा कापला. सुई खाटेच्या सुतळीत खोचून ठेवली.

“तीन मारल्या,” ते म्हणाले. “एक तुमच्या भावाने आणली. दोन आणायच्या राहिल्या आहेत.”